गोल खाल्ला की टोपी काढायची

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे नऊ. शेजारीपाजारी अर्ध्या चड्डीत गवत कापतायत, आणि घरात भुस्कुटेकाका लोकरीची कानटोपी घालून टीव्हीसमोर उभे. बसत नाहीत. पूर्ण नव्वद मिनिटं उभे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काकांना ताप असावा. काकू म्हणाल्या, “ताप त्यांना नाही रे, मला आहे. मॅच आहे त्यांची.”

मॅच म्हणजे क्रिकेट, एवढंच ज्ञान घेऊन मी नागपूरहून अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला, काकांच्या शेजारी राहायला आलो होतो. काकांची मॅच म्हणजे रशियातल्या एका नदीकाठच्या गावचा फुटबॉल क्लब, आणि तोही तिसऱ्या श्रेणीतला. त्या क्लबचं नाव खुद्द रशियातही फार लोकांना ठाऊक नसेल. काकाही नाव घेत नाहीत. ‘आमचे’ म्हणतात. “आमच्यांचं यंदा बरं नाही,” असं ते डेट्रॉइटच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत म्हणाले, तेव्हा पुढच्या बाईंनी मागे वळून घरी कोण आजारी आहे, अशी चौकशी केली होती.

काका मूळचे मिरजेचे. सोव्हिएत युनियन शाबूत असताना तिकडे वेल्डिंग शिकायला गेले आणि पुढे इथे येऊन मोटारींचे सांगाडे जोडता जोडता रिटायर झाले. रशियाहून त्यांनी आणलेली डिग्री कामाला आली. बाकी दोन वस्तू काकूंच्या मते कशालाच आल्या नाहीत. एक ही टोपी, आणि दुसरा ‘निचिवो’ हा शब्द. निचिवो म्हणजे ‘काही नाही, चालायचंच’. बर्फ काढणाऱ्या ट्रकनं मेलबॉक्स उडवला, निचिवो. डॉक्टरांनी बायपास सांगितली, निचिवो. काकूंनी एकदा चिडून विचारलं, “मी गेले तरी निचिवोच म्हणाल ना?” तेव्हा मात्र काका दोन दिवस तो शब्द बोलले नाहीत.

क्लबचा इतिहास काका पोथी वाचल्यासारखा सांगतात. बोटी बांधणाऱ्या कामगारांनी तो काढला, म्हणून शर्टावर बोटीचा नांगर. एके वर्षी त्यांनी मोठ्या शहराच्या मोठ्या संघाला हरवून करंडक आणला. काका त्या दिवशी स्टँडमध्ये होते, आणि तिथून पुढे सगळी उतरणच. देश मोडला, गोदी बंद पडली, खेळाडूंना पगाराऐवजी मासे मिळायला लागले. मग एका सिमेंट कंपनीनं क्लब घेतला आणि नाव बदललं. सिमेंटवाले गेले, सॉसेजवाले आले, पुन्हा नाव बदललं. एकदा लायसन्सच गेलं आणि क्लब तीन वर्षं हौशी पोरांमध्ये चिखलात खेळला. “नांगर मात्र कोणी काढला नाही,” काका सांगतात. हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी भरून येतो आणि ऐकणारा दर वेळी चहाचा कप उचलतो. मीही उचललेला आहे.

त्या क्लबची एक रीत आहे. गोल खाल्ला, म्हणजे आपल्यावर गोल झाला, की स्टँडमधले सगळे उभे राहून टोपी काढतात. नदीत बोट बुडाली की गोदीतले कामगार तशी काढत, म्हणून. एरवी त्या क्लबकडे दाखवण्यासारखं काही नाही, म्हणून गोल खाल्ला की तिथला एकुलता एक कॅमेरा वळतो आणि त्या उघड्या डोक्यांवरून सावकाश फिरतो. इकडे नोव्हायमध्ये काकाही टोपी काढतात. आमचे इतके गोल खातात, की काकांच्या डोक्याला वारा बरा लागतो.

क्लबच्या वेबसाइटवरची मॅच टीव्हीवर लावून देणं हे माझं काम. त्या बदल्यात काकूंचं थालीपीठ. दोन वर्षं हे चाललं, आणि हळूहळू माझ्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. गोल खाल्ला की काकांचा चेहरा उजळायचा. टोपी काढून ते टीव्हीच्या इतके जवळ जायचे, की नाक काचेला लागेल. आणि आमचे चुकून एक-शून्यनं जिंकले, की नंतर काका थालीपीठ अर्धं टाकून पानावरून उठायचे.

यंदाच्या वसंतात तर कहरच झाला. क्लबनं जाहीर केलं होतं, की या मोसमात खालच्या श्रेणीत घसरलो तर संघ बंद करणार, कायमचा. आणि तेव्हाच त्यांना एक नवा गोलकीपर मिळाला. ताडमाड उंच, भिंतीसारखा. ओळीनं सहा मॅचेस त्यानं एकही गोल होऊ दिला नाही. आमचे जगतील अशी आशा दिसायला लागली, आणि काका मात्र खंगत चालले. “फार चांगला आहे हा कीपर,” असं ते म्हणायचे ते ‘मुलीचं लग्न मोडलं’ अशा सुरात.

मोसमातली शेवटची मॅच. हरलो नाही, बरोबरी जरी झाली, तरी वाचणार. मध्यंतराला शून्य-शून्य. काका तसेच उभे. माझ्यातला वात्रटपणा मला गप्प बसू देईना. म्हटलं, “काका, सीरियसली सांगा, तुम्ही नक्की कोणाच्या साइडनं आहात? गोल खाल्ला की तुम्ही खूश होता यार. मी नोटिस केलंय.”

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझी जीभ चावावीशी वाटली. काका टोपीवरून हात फिरवत म्हणाले, “ही गेनाची आहे.”

गेना म्हणजे हॉस्टेलवरचा त्यांचा रूममेट. पहिल्या हिवाळ्यात काकांचे कान काळेनिळे झाले, तेव्हा त्यानं स्वतःची टोपी यांना घातली आणि मॅचला नेलं. पुढे चाळीस वर्षं पत्रं, मग फोन. क्लब हरला की गेना फोनवर शिव्या द्यायचा आणि काका ‘निचिवो’ म्हणायचे. दीड वर्षापूर्वी गेनाला झटका आला आणि त्याची वाचा गेली.

“शेजारणीनं कळवलं. पुढे तीही गाव सोडून गेली,” काका म्हणाले. “आता फोन वाजतो, कोणी उचलत नाही. उचलून तो बोलणार काय? पत्रं युद्धामुळे इथून तिकडे जात नाहीत. पण चालत स्टेडियमला जातो अजून. तिसरी रांग, खांबाच्या डाव्या हाताला. गोल खाल्ला की कॅमेरा तिकडे जातो. टोपी काढून कॅमेऱ्याकडे धरतो तो. मी बघतोय, हे त्याला माहितेय.”

“म्हणजे गेले सहा आठवडे...”

“दिसलेला नाही. आहे की नाही, तेही माहीत नाही.”

मी म्हटलं, “मग काका, आज एक गोल...”

“नको!” काका इतक्या जोरात ओरडले, की काकूंच्या हातातला ट्रे हलला. “क्लब बंद झाला तर शनिवारी तो जाईल कुठे? त्याला दुसरं आहे काय? मला नाही दिसला तरी चालेल. त्याला जायला जागा राहू दे.”

दुसरा हाफ मी जन्मात पहिल्यांदा उभा राहून पाहिला. काकूही दारात उभ्या होत्या. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला आमच्या एका शहाण्यानं गोलसमोर त्यांच्या माणसाला पाडलं. पेनल्टी. एक लाथ, आणि चेंडू आत गेला की कॅमेरा वळणार, तिसरी रांग दिसणार, खांब दिसणार. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी टोपी घट्ट कानांवर ओढून धरली होती.

“अडव,” ते पुटपुटले. मग मोठ्यानं, मिरजेच्या मैदानावर ओरडावं तसे, “अडव रे बाबा, अडव!”

त्यानं अडवला. चेंडू हाताला लागून गोलपोस्टवर आपटला आणि बाहेर गेला. कॅमेरा त्या कीपरवरच राहिला, मॅच संपेपर्यंत स्टँडकडे वळलाच नाही. शून्य-शून्य. आमचे वाचले.

काका खुर्चीत बसले. मॅचनंतर लगेच बसलेले मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. पडद्यावर आता नुसता नांगर उरला होता. काका खूप वेळ त्याच्याकडे बघत होते.

“जुलैत नवा मोसम आहे ना, काका,” मी म्हटलं. “तेव्हा दिसतील.”

“दिसेल की,” काका म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी टोपीचाच कोपरा घेतला. “ह्या कीपरला आता एखादा मोठा क्लब पळवणार. मग काय, आमचे पहिल्याच मॅचला तीन खातील. निचिवो.”

आणि गोल झालेला नसताना त्यांनी टोपी काढली आणि त्या नांगरासमोर, कोणाला तरी नीट दिसावी अशी, उंच धरली.