चेट बोरोस्की नुसता उभा राहतो

व्हेरोना पेत्राक यांच्या पत्राला एमिल हाव्हर्निक यांनी उत्तर लिहिलं नाही, असं कोणी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहून झालं होतं. ते पाकिटात गेलं होतं, वर तिकीट लागलं होतं आणि हाव्हर्निकांच्या कोटाच्या आतल्या खिशात नीट बसलं होतं. फक्त पेटीत पडलं नव्हतं.

व्हेरोनाबाईंचं पत्र अगदी साधं होतं. "प्रिय एमिल, यंदा थँक्सगिव्हिंगचा सामना तुमच्या बेल्करला आहे. मी बघायला येणारच. सामना संपला की आमच्याकडे ऑर्मंडला जेवायला याल का? ताट मांडायचं की नाही तेवढं कळवा, म्हणजे टर्की त्या बेताने आणते."

बेल्कर आणि ऑर्मंड ही एकाच नदीच्या दोन काठांवरची गावं. बेल्करचं वाचनालय हाव्हर्निक सांभाळत आणि ऑर्मंडचं व्हेरोनाबाई. कितीतरी वर्षं दोघांनी एकमेकांकडून पुस्तकं मागवली आणि वेळेवर परत केली. आता दोघंही निवृत्त झाले होते. व्हेरोनाबाईंचे यजमान वारून बराच काळ लोटला होता. हाव्हर्निकांनी लग्न केलं नव्हतं. विरोध कोणाचाच नव्हता, विचारायचंच राहून गेलं होतं.

त्यांचं उत्तर असं होतं : "प्रिय व्हेरोना, येईन. माझं ताट मांडा. एमिल." एवढं लिहायला त्यांना अख्खी संध्याकाळ लागली. रोज सकाळी ते शाळेसमोरच्या टपालपेटीपाशी जात, झाकण उघडत, आणि नेमकी तेव्हाच शंका येई. 'माझं ताट मांडा' हे हुकूम सोडल्यासारखं तर वाटणार नाही? 'येईन' या शब्दात जरा जास्तच घाई दिसते का? मग ते झाकण बंद करून घरी परत येत.

हे सगळं बघणारा एक माणूस होता. चेट बोरोस्की, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. चेटची बस रोज वेगळ्या रस्त्याने येई. त्यामुळे बेल्करमधली मुलं दोन्ही कोपऱ्यांवर नजर ठेवून उभी असत आणि त्यांच्या आया खिडकीतून ओरडून अंदाज सांगत, जे हमखास चुकत. पण कुठूनही आली तरी शेवटी बस शाळेपाशीच येणार, आणि तिथे टपालपेटीजवळ हाव्हर्निक उभे असणार.

"मिस्टर हाव्हर्निक! अजून तेच पाकीट?"

"नाही नाही. हे... दुसरं आहे."

"कोपरा तर तोच दुमडलेला दिसतोय. द्या इकडे, मी टाकतो."

"नको! एकदा परत वाचायचंय मला."

"पण चिकटवलंय ना ते?"

हाव्हर्निकांनी पाकिटाकडे पाहिलं. "आठवून वाचतो," ते म्हणाले.

हाच चेट बेल्करच्या संघाचा क्वार्टरबॅक होता. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या सुट्टीच्या गुरुवारी, सकाळी दोन्ही गावांतले चाळिशी उलटलेले गडी अमेरिकन फुटबॉल खेळायला मैदानात उतरत आणि जिंकणारं गाव कोळशाची एक जुनी बादली वर्षभर मिरवत असे. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून प्रत्येक डाव सुटतो तो माणूस. डाव काय करायचा ते प्रशिक्षक सांगतो, क्वार्टरबॅक तो करतो. चेटच्या बाबतीत यातला पहिला अर्धा भागच खरा होता. फेक म्हटलं की तो पळायचा, पळ म्हटलं की फेकायचा. एके वर्षी त्याने डाव्या हाताने चेंडू भिरकावला आणि बेल्कर जिंकलं. पुढच्या वर्षी तसाच भिरकावला तो थेट सरबताच्या टेबलावर. चेंडू त्याच्या हातात गेला की मैदानातले बाकी एकवीस जण पाहुणे असत, आणि त्यातले दहा त्याच्याच संघाचे.

"चेट, लेका," बेल्करचा प्रशिक्षक रॉय गॅलहर सामन्याच्या सकाळी म्हणाला. रॉय गावचा न्हावी होता आणि या एका दिवसापायी त्याचे स्वतःचे केस गेले होते. "बादली गेल्या वर्षीपासून तिकडे आहे. माझं एवढंच ऐक. आज सरळ जायचं. सरळ!"

"रॉय, तू सांगशील तसं."

"हेच गेल्या वर्षी म्हणाला होतास."

"मग? मी शब्द बदलला का?"

नदीपलीकडे ऑर्मंडचा प्रशिक्षक ऑगी याने यंदा वेगळाच विचार केला होता. ऑगी हा व्हेरोनाबाईंचा धाकटा भाऊ. त्याने आपल्या गड्यांना गोल बसवून सांगितलं, "आजवर आपण जेव्हा जेव्हा हरलो ते चेटमुळे नाही, आपल्या अंदाजांमुळे. यंदा अंदाज बंद. तो डावीकडे बघू दे, उजवीकडे बघू दे, गाणं म्हणू दे. जागचं हलायचं नाही."

हाव्हर्निकांनाही सामन्यात एक काम असे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं आणि कितवा प्रयत्न चालू आहे ते दाखवणारी नंबराची काठी मैदानाच्या कडेला कोणीतरी धरावी लागते. हे काम त्यांनी आनंदाने पत्करलं होतं, कारण काठीवाल्याने टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, कोणाची बाजू घ्यायची नाही, असा नियम होता. गप्प राहण्याबद्दल शाबासकी मिळेल असं दुसरं काम बेल्करमध्ये नव्हतं. गैरसोय एकच. काठीवाले पाहुण्यांच्या बाजूला उभे राहतात. म्हणजे हाव्हर्निकांच्या पाठीमागेच ऑर्मंडकरांची बाकं होती आणि तिसऱ्या ओळीत व्हेरोनाबाई बसल्या होत्या. हाव्हर्निकांनी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांचं खोकणं ओळखलं होतं. मान वळवायची छाती झाली नाही.

सामना सुरू झाला आणि बेल्करचे हाल सुरू झाले. चेट डावीकडे झुकला, कोणी फसलं नाही. मागे पळत गेला, कोणी मागे आलं नाही. एकदा तर त्याने चेंडू पोटाशी लपवून बुटाची नाडी बांधल्याचं नाटक केलं. ऑर्मंडचे गडी शांतपणे नाडी बांधून व्हायची वाट बघत उभे राहिले. मग वैतागून चेट कडेकडेने सुसाट पळाला आणि थेट काठीवर येऊन आदळला. हाव्हर्निक चिखलात बसले, चेट त्यांच्यावर बसला.

"लागलं नाही ना? टाकलंत का ते?"

"चेट, खेळ ना तू!"

"आज सुट्टी आहे, पेटी उघडत नाहीत. म्हणजे आता तोंडानेच सांगावं लागणार." एवढं बोलून चेट उठला आणि त्याचा खिळ्यांचा बूट हाव्हर्निकांच्या कोटावर, बरोब्बर आतल्या खिशापाशी, ठसा उमटवून गेला.

हाव्हर्निक काठीला धरून उभे राहिले. तोंडाने! हा विचार त्यांना इतक्या दिवसांत शिवलाही नव्हता. सामना संपला की ऑर्मंडकर गाड्यांत बसून पुलापलीकडे जातील. ताट मांडलेलं असेल तर रिकामं राहील. नसेल मांडलं, तर संपलंच. पुढच्या वर्षी कोण कशाला विचारेल?

शेवटचं मिनिट आलं तेव्हा ऑर्मंड चार गुणांनी पुढे होतं. चेंडू ज्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण मिळतात तिच्यापासून बेल्कर थोड्याच अंतरावर होतं, पण तीन प्रयत्न वाया गेले होते आणि हाव्हर्निकांच्या काठीवर चार आकडा लागला होता. रॉयने खेळ थांबवून चेटला बोलावलं आणि टोपी जमिनीवर आपटली.

"झालं! मी काही सांगत नाही. कर तुला हवं ते."

"म्हणजे?" चेटने विचारलं.

"म्हणजे काहीही."

"हो, पण तू काय सांगतोयस?"

"काहीच नाही रे बाबा! काहीच नाही!"

चेटचा चेहरा उतरला. असा उतरलेला चेहरा बेल्करने आजवर पाहिला नव्हता. आजवर प्रत्येक डावात त्याच्याजवळ मोडायला एक हुकूम असे. आज त्याला मोकळ्या हातांनी पाठवलं होतं.

डाव सुरू झाला. चेंडू चेटच्या हातात आला आणि चेट नुसता उभा राहिला.

ऑर्मंडचे गडीही उभे राहिले. त्यांना तसंच सांगितलं होतं. पुढच्या फळीतले दोन्हीकडचे जाडजूड गडी एकमेकांच्या खांद्यावर रेलले आणि तेवढाच श्वास घेऊ लागले. घड्याळ शून्यावर आलं, पण चालू डाव संपल्याशिवाय सामना संपत नाही. पंचांनी शिट्टी तोंडात धरली होती, पण ती कशासाठी वाजवायची ते त्यांना सुचेना. सगळं मैदान फोटो काढून घ्यायला उभं राहिल्यासारखं दिसत होतं.

चेटने मान वळवली. "मिस्टर हाव्हर्निक! काय करू हो?"

"ए!" ऑगी कडाडला. "काठीवाल्याला विचारायचं नाही!"

हाव्हर्निकांचे ओठ हलले. काठीवाल्याने बोलायचं नसतं. शिवाय सांगणार तरी काय? सरळ जा म्हणावं, तर तो हुकूम वाटेल. आणि कोणी उत्तराची वाट बघत उभा आहे म्हणून अंगाला जो घाम फुटतो, तो त्यांना गेले तीन आठवडे रोजच फुटत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"एमिल! माझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर नाही. त्या बिचाऱ्याला तरी द्या!"

तो आवाज मोठा नव्हता. पण ऑर्मंडच्या अकराही गड्यांचं बालपण व्हेरोनाबाईंच्या वाचनालयात 'शूऽऽ' ऐकत गेलं होतं. तो आवाज आला की मान वळायची, ती याही वयात वळली. अकराच्या अकरा माना आधी व्हेरोनाबाईंकडे वळल्या आणि मग, त्या कोणाला झापतायत ते बघायला, काठीवाल्याकडे. "कसलं पत्र?" ऑगीने विचारलं. तोही वळला होता.

हाव्हर्निक वळले. सकाळपासून पहिल्यांदा. व्हेरोनाबाईंनी लाल मफलर गुंडाळला होता आणि त्या उभ्या होत्या.

"ये... येणार आहे," ते पुटपुटले.

"मोठ्याने हो!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. "वरपर्यंत येत नाही!"

"येणार आहे!" हाव्हर्निक ओरडले. स्वतःचा एवढा मोठा आवाज त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता आणि एकदा सुटल्यावर तो आवरेना. "जेवायला येणार आहे! माझं ताट मांडा!"

"टर्की कधीच आणलीय," व्हेरोनाबाई म्हणाल्या. "मोठी आणलीय."

ऑर्मंडच्या बाकांवर टाळ्या सुरू झाल्या. पण समोरच्या बाकांवर त्याहून मोठा आरडाओरडा का चाललाय, हे कळायला ऑर्मंडकरांना जरा वेळ लागला. चेट बोरोस्की रेषेपलीकडे पोचला होता. पळत नाही, चालत. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, अगदी सरळ. रॉय त्याला इतकी वर्षं सांगत आला होता तसा.

"हे चालणार नाही!" ऑगी पंचांकडे धावला. "काठीवाला बोलला!"

"चेटशी बोलला?"

"नाही."

"मग कोणाशी?"

"माझ्या बहिणीशी."

"काय बोलला?"

"जेवायला येतो म्हणाला."

पंचांनी जरा विचार केला. "नियमात जेवणाबद्दल काही नाही," ते म्हणाले आणि दोन्ही हात वर करून त्यांनी बेल्करला सहा गुण दिले.

रॉय चेटच्या गळ्यात पडला. मग त्याला हातभर लांब धरून त्याने विचारलं, "खरं सांग. मुद्दाम थांबलास? त्या म्हाताऱ्याला बोलतं करायला?"

"रॉय," चेट म्हणाला, "तू सांगितलंस तेच केलं." खरं काय ते कोणालाच कळलं नाही. संध्याकाळी बादली घरी नेताना तो कुठल्या रस्त्याने गेला, तेही नाही.

व्हेरोनाबाईंच्या टेबलावर हाव्हर्निकांचं ताट ऑगीच्या अगदी समोर आलं.

"बटाटे," ऑगी म्हणाला आणि त्याने वाडगा पुढे ढकलला. "व्हेरोना, हे आता दरवर्षी येणार?"

"तू तुझ्या गड्यांना मान सरळ ठेवायला शिकव. पाहुण्यांचं मी बघते."

अक्रोडाचा रोल खाऊन झाल्यावर व्हेरोनाबाईंनी हात पुसले. "एमिल, तोंडी उत्तर पोचलं. पण पत्राला उत्तर पत्रानेच द्यायचं असतं."

"लिहिलंय ना," हाव्हर्निक म्हणाले आणि त्यांनी कोटातून पाकीट काढलं. ते चिखलाने कडक झालं होतं, त्यावर बुटाच्या खिळ्यांची नक्षी उठली होती. व्हेरोनाबाईंनी हात पुढे केला नाही. "हातात देणार? तिकीट लावलंय, वाया जाईल. आमच्या कोपऱ्यावर पेटी आहे."

हाव्हर्निक कोपऱ्यापर्यंत गेले. त्यांनी झाकण उघडलं आणि सवयीप्रमाणे पत्र आठवून वाचलं. वाचता वाचता ते थबकले. पत्रात त्यांनी दिवस घातलाच नव्हता. उद्या पेटी उघडणार, परवा, शनिवारी, पत्र पोचणार आणि शनिवारी व्हेरोनाबाई वाचणार : 'येईन. माझं ताट मांडा.'

त्यांनी मागे वळून पाहिलं. खिडकीत बहीण-भाऊ शेजारी शेजारी उभे होते. उरलेली टर्की शनिवारपर्यंत पुरेल का, एवढी एकच शंका हाव्हर्निकांना आली. मग मोठी आणल्याचं आठवलं, आणि त्यांनी पाकीट सोडलं.