दादाचा राहिलेला विषय

माझा भाऊ भरतेश उसाच्या ट्रॉलीवर गाडी आदळून वारला, पण 'संगीत परिचय' हा विषय राहिला असल्यामुळे विद्यापीठानं त्याचा मृत्यू पूर्ण धरला नाही.

रक्षा सावडून आम्ही घरी आलो तर कॉलेजातून फोन. बेडगे क्लार्क बोलत होते. "भरतेश चौगुले वर्गात बसलाय. घरच्यांपैकी कुणीतरी येऊन सही करून जा."

दादा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होता. थर्मोडायनॅमिक्स, मशीन डिझाईन, सगळं पहिल्या झटक्यात सुटलेलं. यंत्रवाल्या पोरांच्या कानात नुसती धडधड राहू नये म्हणून विद्यापीठानं त्यांना संगीत सक्तीचं केलं होतं. दादा त्या विषयाला हसायचा. लेखी परीक्षा त्यानं दिली. तोंडीच्या आधी ट्रॉली आडवी आली.

मी आठवीत शाळा सोडली. गावात ट्रॅक्टरची पंक्चर काढतो. तसाच काळ्या हातांनी ऑफिसात गेलो.

"घरी नेऊ का त्याला?" मी विचारलं.

"न्या की. सुट्टीत नेता येतं."

"मग दिवाळीत नेतो."

"सुट्टीत तो नसतो," बेडगे म्हणाले. "सत्र चालू असेल तेवढंच."

मी टेबलावर मूठ आपटली. बेडग्यांनी शिक्क्याचा पॅड जरा बाजूला सरकवला. त्यांना सवय असावी.

"हे बघा," ते म्हणाले, "मयत विद्यार्थ्याला बोलता येतं, लिहिता येतं. गाता येत नाही. गायला श्वास लागतो. त्यामुळं तोंडी परीक्षा सख्ख्या भावानं नाहीतर बहिणीनं द्यायची. तुम्ही पास झालात की तो सुटला."

"आणि नापास झालो तर?"

"मग पुढच्या सत्राला तो आहेच की."

मी हे आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं परात बाजूला सारली.

"श्रेणिक, नापास हो," ती म्हणाली.

याच गोष्टीसाठी आठवीपर्यंत तिनं मला फुंकणीनं झोडपलं होतं.

काम संपलं की मी दादाच्या होस्टेलला जायचो. तो पायरीवर बसलेला असायचा, अंगात तोच चौकड्याचा शर्ट. तंबोरा माझ्या मांडीवर द्यायचा.

"श्रेण्या, तोंड उघड की. गातोयस का ट्यूबची हवा सोडतोयस?"

"मला येत नाही दादा."

"न यायला काय झालं? संगीताच्या नातू मॅडम म्हणतात, प्रत्येकाचा 'सा' ज्याचा त्याचा असतो. तो चुकत नाही. धरून ठेवायचा, बस."

"मग पोरं नापास कशी होतात?"

"मधेच सोडून देतात."

ते मी नीट लक्षात ठेवलं.

रविवारी आई धपाटी घेऊन यायची. दादाला खाता यायचं नाही. तो डबा मांडीवर घेऊन बसायचा आणि "जड आहे गं," म्हणायचा. तेवढ्यानं आईचं समाधान व्हायचं. त्याच्या गार हातावर हात ठेवून ती त्याला गावातल्या म्हशींच्या बातम्या द्यायची. कुणाची आटली, कुणाची व्याली. परत येताना एसटीत ती हसायची. बाकी आठवडाभर तिच्या तोंडावर हसू नसायचं.

परीक्षेच्या दिवशी आई बाहेर नीलगिरीखाली बसली. मी आणि दादा हॉलच्या दाराशी थांबलो. पलीकडं वर्कशॉपमध्ये लेथ मशीन घरघरत होतं.

"दादा, तुला इथं काही त्रास आहे का?"

"कसला त्रास? मेसचं जेवावं लागत नाही. तेवढा फायदाच आहे."

"खरं सांग."

"झोप येत नाही रे."

"कधीपासून?"

"ट्रॉलीपासून." त्यानं डोळे चोळले. "पोरं घोरत पडतात. मी आपला पंख्याची पाती मोजत बसतो. तीनच आहेत."

मी तंबोरा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"आईनं सांगितलंय मला," तो म्हणाला. "हो बिनधास्त नापास. ती खूश असते."

आमचं नाव पुकारलं. आम्ही आत गेलो. नियमाप्रमाणे दादा पहिल्या बाकावर बसला. नातू मॅडमनी हात वर केला.

"मी हात खाली करेपर्यंत 'सा' धरायचा. चौगुले, सुरू करा."

मी तार छेडली आणि 'सा' लावला. आवाज फाटका होता. थोडा वेळ धरायचा आणि सोडायचा, असं मी ठरवलेलं. तेवढ्यात दादाच्या पापण्या खाली आल्या. दुपारच्या तासाला पोरं सावरतात तसा तो दचकून ताठ झाला. पुन्हा पापण्या खाली आल्या. मी आवाज जरा सैल सोडून बघितला, तर त्यानं डोळे उघडले. लाल झाले होते.

मग मी सोडला नाही. छाती भाजायला लागली, डोळ्यांपुढं काजवे आले, तरी सोडला नाही. मॅडमचा हात वरच राहिला. त्याही दादाकडंच बघत होत्या. त्यानं हाताची घडी बाकावर ठेवली, तिच्यावर गाल टेकला. लहानपणी झोपायचा तसं तोंड थोडं उघडं राहिलं. तेव्हा कुठं मॅडमनी हात खाली घेतला.

"पास," त्या कुजबुजल्या. "तंबोरा एकदम थांबवू नकोस. जाग येईल त्याला."

मी तारा छेडत राहिलो. शिपाई पाय न वाजवता गेला आणि वर्कशॉपमधलं लेथ बंद करून आला. दादाच्या शर्टामधून हळूहळू बाक दिसायला लागला. मग बाकावर पोरांनी कर्कटकानं कोरलेली नावं दिसायला लागली. शेवटी सगळी नावं वाचता आली.

मी बाहेर आलो. आई डबा घेऊन उठली.

"झालास ना रे नापास?" तिनं लांबूनच मोठ्यानं विचारलं.

"दादा झोपला," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हॉलच्या खिडकीकडं. तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं.

"मग हळू बोल," ती म्हणाली.