सासरे उठेनात

धंदा काढायचा असं त्याने ठरवलं, तेव्हा धंद्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी त्याच्याजवळ होत्या. फक्त पैसे नव्हते. कल्पना होती, उत्साह तर ओसंडून वाहत होता, आणि दुकानाच्या पाटीचा रंगही ठरला होता. लोकांचे जुने सोफे घ्यायचे आणि नवे करून द्यायचे. स्वतःच्या हाताने त्याने साधी उशीदेखील कधी शिवली नव्हती. पण मोबाईलवर एका माणसाला सोफा करताना त्याने पाहिलं होतं, आणि तो माणूस काही फार हुशार दिसत नव्हता.

बायकोने त्याच दिवशी त्याचं नाव 'उद्योगपती' ठेवलं. ("अहो उद्योगपती, दूध संपलंय. तेवढी गुंतवणूक करून येता का?")

प्रकरण एवढ्यावरच मिटलं असतं. पण पाणीपट्टीच्या ऑफिसात शुक्रवारी साहेबांनी एका चुकलेल्या बिलावरून त्याला चारचौघांत झापलं, आणि उद्योगपती ताडकन बोलून गेले, "सांभाळा तुमची नोकरी! माझा मी धंदा काढतोय!" साहेबांनी चष्मासुद्धा काढला नाही. म्हणाले, "सोमवारी लेखी आणा. नाहीतर सोमवारी सगळ्यांसमोर माफी मागा. जे जमेल ते."

म्हणजे मधल्या दोन दिवसांत भांडवल उभं राहिलं तर राजीनामा, नाहीतर शिपायापासून सगळ्यांच्या देखत माफी. पोटाचा प्रश्न होताच, पण त्याहून नाकाचा मोठा होता.

शनिवारी सकाळीच ते बँकेत गेले. बँकेने विचारलं, "तारण काय?" त्यांनी सांगितलं, "जिद्द." ती लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता. तिथून थोरल्या भावाकडे गेले. भाऊ गहिवरून म्हणाला, "तुझ्यासाठी जीव देईन रे!" पैशांचं नाव निघाल्यावर मात्र जीव देणंच त्याला स्वस्त वाटू लागलं.

राहता राहिले सासरे.

सासऱ्यांची सगळी हयात बँकेच्या कर्जखात्यात गेली होती आणि कर्ज न देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते तोंडाने कधीच नाही म्हणत नसत. समोरचा माणूस आकड्यांवर आला की ते खुर्चीतून उठत, पँटची इस्त्री सारखी करत आणि म्हणत, "बघू." संपलं. निवृत्तीनंतर खुर्ची गेली, पण उठायची सवय राहिली. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतानासुद्धा ते इतक्या वेळा उठले होते की हे लग्न जमलं कसं, याचं जावयाला अजून नवल वाटे. (सासऱ्यांनाही वाटे.)

तेव्हा नुसतं बोलून भागणार नव्हतं, नमुना दाखवायला हवा होता. नमुन्यासाठी घरातला सोफा होताच. शनिवारी दुपारी बायको बहिणीकडे गेल्याची संधी साधून उद्योगपतींनी सोफ्याचं कापड टराटरा फाडलं. शिवायला मशीन नव्हतं, खिळे ठोकताना अंगठा ठेचला, म्हणून त्यांनी सगळं काम चिकटवून करायचं ठरवलं. कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः एक चिकट द्रव बनवत असे आणि बिनलेबलच्या डब्यात भरून विकत असे.

"कंपनीच्या मालाच्या निम्म्या भावात देतो," तो म्हणाला. "पण जपून हं. बोटाच्या टोकावर येईल एवढंच घ्यायचं."

हा सल्ला सामान्य गिऱ्हाइकासाठी असावा असं समजून उद्योगपतींनी अख्खा डबा ओतला. वर नवं निळं कापड ताणून बसवलं. रात्री बायको आली, तिने सोफ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि न बोलता आत गेली. हे मौन म्हणजे कौतुक, असा उद्योगपतींनी सोयीस्कर अर्थ काढला.

रविवारी सासरे आले. कडक इस्त्रीची करडी पँट, खिशाला पेन. जावयाने त्यांच्यासाठी लाकडी खुर्ची पुढे केली. सोफा लांबूनच दाखवायचा असा बेत होता. पण सासरे मुरलेले गृहस्थ. "नमुना बसून बघावा लागतो, जावईबापू," असं म्हणत ते सोफ्याच्या मधोमध बसले.

उद्योगपतींनी घसा साफ केला. जुन्या सोफ्यांची संख्या, त्यांत दरवर्षी पडणारी भर, मालकांची हळहळ असं सगळं सांगत ते आकड्यांवर आले. सासऱ्यांनी ठरल्याप्रमाणे गुडघ्यांवर हात टेकले, अंग पुढे झुकवलं आणि...

आणि ते पुन्हा मागे टेकले.

उद्योगपतींचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. आकडे ऐकूनही सासरे बसले होते!

"पुढे बोला," सासरे म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता.

मग काय, उद्योगपतींना चेव चढला. पहिल्या वर्षी एक दुकान, दुसऱ्या वर्षी चार. सासरे पुन्हा उठायला गेले, चेहरा लाल झाला, पुन्हा बसले. तिसऱ्या वर्षी गोदाम. सासऱ्यांच्या कपाळावर घाम आला. गोदामाच्या कल्पनेने माणूस इतका हलून जातो हे पाहून उद्योगपतींनी चौथ्या वर्षी परदेशातसुद्धा माल पाठवला.

"बाबा, घामाघूम झालात की!" बायको चहा घेऊन आली. "इकडे पंख्याखाली बसा बघू."

"नको. बरा आहे मी इथे."

"अहो, उठा तर!"

"ऐकू दे मला. चांगलं बोलतायत जावईबापू."

हे वाक्य ऐकून उद्योगपतींचे डोळे पाणावले, आणि बायकोला मात्र शंका आली. लहानपणापासून तिने वडिलांना ओळखलेलं. जावई चांगलं बोलतो असं ते शुद्धीत असताना म्हणणं शक्य नव्हतं. तिने कप खाली ठेवला, वाकून पाहिलं, सोफ्याच्या कडेला बोट लावलं. ते सुटेना, तेव्हा तिने हिसका देऊन सोडवलं.

"बाबा, तुम्ही चिकटलायत?"

सासऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "थोडासा," ते म्हणाले.

पुढचा गोंधळ काय वर्णावा! आधी दोघांनी दोन दंड धरून ओढलं, तर सोफा सासऱ्यांसकट उचलला गेला. गरम पाणी ओतलं, तेल सोडलं. सासरे ओले झाले, तेलकट झाले, सुटले मात्र नाहीत. शेवटी हार्डवेअरवाल्याला बोलावलं. त्याने येऊन चारही बाजूंनी पाहणी केली आणि त्याचा ऊर भरून आला.

"काय पकड आहे!"

"अहो, सोडवायचं कसं ते सांगा!" बायको ओरडली.

"सुटत नाही, ताई. सुटत असतं तर विकलं असतं का?"

मग शिवणाची कात्री आली. बायकोने चादर आडवी धरायला लावून पँट कापली. सासरे मोकळे झाले, पँटची मागची बाजू सोफ्यावर राहिली. जावयाचा तोकडा पायजमा चढवून ते बाहेर आले आणि लाकडी खुर्चीवर बसले. आता आपली कणीक तिंबली जाणार, या भीतीने उद्योगपती दाराशी उभे राहिले. पण सासरे वळले ते हार्डवेअरवाल्याकडे.

"कशापासून बनवता हे?"

"ते नाही सांगणार."

"बरोबर. सांगू नका. महिन्याला किती डबे निघतात? मोठी शेड घेतलीत तर किती निघतील?"

हार्डवेअरवाला सांगू लागला. चक्क आकडे सांगू लागला! उद्योगपतींनी श्वास रोखला. आता उठतील, मग उठतील... पण सासरे पायजमा सावरून पुढे सरकले. "उभ्या नोकरीत मला कोणी बसवून ठेवू शकलं नाही," ते म्हणाले. "या मालात दम आहे. किती लागतील?"

हे दोन शब्द ऐकण्यासाठी उद्योगपती परवापासून जिवाचं रान करत होते. ते शब्द त्यांच्याच घरात, त्यांच्याच पायजम्यातून, भलत्यालाच विचारले गेले. त्यांना रडू यायचं बाकी होतं.

"आणि बाबा, माझी योजना?" त्यांनी धीर करून विचारलं.

"बघू," सासरे बसल्या बसल्या म्हणाले. "आधी तुम्ही एक करा. मी पुंजी माझी देणार असलो तरी व्यवहार रीतसर हवा. यांना जामीन लागेल. पगारदार माणूस, कायम नोकरीतला. आपल्यात तुम्हीच आहात."

"पण मी नोकरी..."

"सोडली नाहीत ना अजून?" बायकोने विचारलं. "मग उद्या जरा लवकर निघा. माफी मागायला वेळ लागेल."

सोमवारी पाणीपट्टीच्या ऑफिसात सगळ्यांना हातातली कामं टाकून उभं करण्यात आलं. शिपाई तर पुढच्या रांगेत होता. उद्योगपतींनी माफी मागितली. आवाज पोचला नाही म्हणून मागच्यांसाठी पुन्हा मागितली.

"झालं?" साहेबांनी विचारलं. "आणखी काही?"

"साहेब, पगाराचा दाखला हवा होता."

"का हो? काढताय वाटतं धंदा?"

"नाही साहेब," उद्योगपती म्हणाले. "जामीन राहतोय."