अर्ध्या गुणाची मोहीम

श्रीशारदा प्रसन्न. श्रीपर्यवेक्षक जागृत. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, फाल्गुन मासी, एके विद्येचे राज्यी जे वर्तमान जाहाले ते येणेप्रमाणे.

राज्याचे धनी संस्थाचालक मामासाहेब. त्यांचे पदरी विष्णुपंत उपळेकर राज्यशास्त्र शिकवीत असत. लहान प्रश्नाचे उत्तर कैसे द्यावे, ये विद्येत पंतांचा हात धरणारा दुसरा नाही. शिष्यांची खोड ऐसी की, दोन गुणांस काहीही पुसा, आरंभ 'मनुष्य हा समाजशील प्राणी आहे' येथोनच, आणि मग प्राचीन ग्रीस, आणि मग पुरवणी मागावी, आणि उत्तर कोठेच नाही. सबब पंतांनी हुकूम फर्माविला, "दोन गुणांस तीन वाक्ये. पहिल्यात व्याख्या, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात डोळ्यांनी पाहिलेलं उदाहरण. चौथं वाक्य म्हणजे शाईची नासाडी." आणि रिवाज घातला की, ज्यास पुरे गुण, त्याचे उत्तर पंतांनी स्वमुखे भर वर्गात वाचावे.

ऐसियास चाचणी जाहाली. प्रश्न पडला की, सत्तेस अधिमान्यता केव्हा नसते? ईश्वरी गायधनी नामे शिष्येने लिहिले: 'अधिमान्यता म्हणजे सत्ता योग्य आहे असे लोकांना मनापासून वाटणे. तसे न वाटता लोक केवळ भीतीने ऐकतात, तेव्हा सत्ता असते पण अधिमान्यता नसते. उदा., श्रावणात वर्गप्रतिनिधी निवडताना एका मुलीसाठी जास्त हात वर झाले, सरांनी संस्थाचालकांच्या भाच्याचे नाव जाहीर केले, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि सर फरशीकडे बघत राहिले.'

ती मुलगी म्हणजे ईश्वरीच, आणि ते सर म्हणजे खुद्द पंत. परंतु आपले नाव तिने घातले नव्हते. पंतांनी तांबडी लेखणी उचलली ती अधांतरीच राहिली. पुरे गुण द्यावे तर वाचणे आले, आणि पहिल्या बाकावर भाचेसाहेब विराजमान, आणि सायंकाळपावेतो वार्ता मामासाहेबांचे कानी, आणि पंतांची नेमणूक तो दरसाल नवी होणारी. मग पंतांनी आपणाशीच मसलत केली, अर्धा गुण कापिला आणि 'उदाहरण अप्रस्तुत' ऐसा शेरा मारिला.

दुसरे दिवशी उत्तरपत्रिका वाटिल्या. ईश्वरी उभी राहिली.

"सर, अर्धा गुण कुठे गेला?"

"बस खाली. उदाहरण बसत नाही."

"डोळ्यांनी पाहिलेलं लिहा म्हणालात. मी दुसऱ्या बाकावरून पाहिलं. कुठे बसत नाही, तेवढं सांगा."

भाचेसाहेब मान वळवोन वदले, "एवढं काय लिहिलंय? वाचा की, सर!"

पंत म्हणाले, "मनुष्य हा समाजशील प्राणी आहे. प्राचीन ग्रीसमध्ये नगरराज्यं होती. तिथे सत्ता आणि समाज यांचा संबंध फार जवळचा होता. त्यामुळे..."

मागील बाकावरोन आरोळी आली, "सर, चौथं चाललंय!" आणि हास्याचा तोफखाना सुटला. ईश्वरी मात्र हसली नाही. ती पंतांकडे पाहत राहिली आणि पंत फरशीकडे. उत्तर न वाचिताच सिद्ध जाहाले, हे त्या दोघांसच कळले. मग पंतांनी तिची पत्रिका घेतली, शेरा खोडिला, दिडाचे दोन केले आणि पत्रिका परत दिधली.

"मग आता वाचायचं ना, सर?" तिने हळूच पुसले.

"तास संपला," पंत म्हणाले आणि चालते जाहाले. तास संपावयास बहुत अवकाश होता.

सारांश, दोन गुणांपुरता: लाज म्हणजे बरोबर उत्तर ठाऊक असोन ते मोठ्याने न वाचणे. कारण, नेमणूक दरसाल नवी होते. उदाहरण वर दिधलेच आहे.