दोन व्याह्यांनी दोन सुभ्यांची महागाई तपासली, ती हकिकत

श्री. ज्याचे कृपेने खिसा भरतो आणि ज्याचे लीलेने तोच खिसा महिनाअखेर रिता होतो, त्या कर्त्यास दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौष मासी, वद्य पक्षी, दोन सुभ्यांचे सीमेवर जे वर्तमान घडले ते जैसे पाहिले, ऐकिले तैसे येथे लिहिले आहे. पदरचे घातले ते मिठापुरते.

राज्य एक, छत्र एक, परंतु सुभे अनेक, आणि हर सुभा आपले कराचा मुखत्यार. त्यातील दोन सुभ्यांमध्ये एक ओढा, ओढ्यावर पूल, आणि पुलाचे दोहों अंगांस एकेक गाव. पेट्रोल नामे तेल दोन्ही गावांस एकाच बंदरातून येई, एकाच सडकेने येई, टँकरही बहुधा तोच असे. परंतु पूल ओलांडिला की त्याच तेलाचा भाव लिटरामागे सहा-सात रुपयांनी उतरे. अलीकडील सुभा तेलावर जबर कर घेई. पलीकडील सुभा तेलास सवलत देई आणि नवी गाडी नोंदावयास गेले की चांगलेच सोलून काढी. म्हणजे एकाने डावे खिशात हात घालावा, दुसऱ्याने उजवे खिशात, आणि रयतेने सदरा झटकीत आपला सुभाच बरा म्हणावे, ऐसा उभयपक्षी रिवाज होता.

अलीकडील गावी रंगराव मोरबाळे म्हणोन खते-बियाण्यांचे नामांकित दुकानदार राहात असत. बोलणे मोठे ठाम. पाऊस कधी पडेल हे चुकीचे सांगत, पण तेही ठामच सांगत. त्यांची एकुलती कन्या केतकी पलीकडील गावी आण्णाप्पा चौगुले यांचे पुत्रास, संकेत यांस, दिली होती. लग्न झाले आणि तेव्हापासून रंगरावांनी अलीकडील सुभ्यात तेल भरणे सोडिले. दर आदितवारी सकाळी पांढरी चारचाकी काढावी, पूल ओलांडावा, टाकी काठोकाठ भरावी आणि चार लोकांत सांगावे की, कर चुकवावा तर ऐसा, कायद्यात राहून. परंतु व्याह्याचे गावी जाऊन व्याह्याचे दारावरून परस्पर कैसे परतावे? म्हणोन घरी जाणे होई. आणि लेकीचे सासरी रिकामे हाते कैसे जावे? म्हणोन कधी पेढे, कधी हापूसची पेटी, कधी विहीणबाईंस आवडते म्हणोन खास घाण्यावरचे शेंगतेल नेणे होई. तिकडोन विहीणबाई शेंगांची चटणी, ज्वारीची भाकरी आणि गुळाची ढेप घालून पाठवीत. तेलात जे वाचे त्याचे दुप्पट पेढ्यांत जाई. हा हिशेब रंगरावांस पुरता ठाऊक होता, आणि म्हणोनच त्यांनी तो कधी मांडिला नाही.

मग ऐसे झाले की, केतकी आणि संकेत यांनी खारी-टोस्टाची स्वतःची बेकरी काढावयाचे योजिले. माल दोन्ही सुभ्यांत खपावयाचा, परंतु भट्टी आणि बिऱ्हाड कोण्या तरी एका अंगास पाहिजे. आण्णाप्पांचे घर भरलेले, थोरले पुत्र, सुना, नातवंडे. तेव्हा वेगळे बिऱ्हाड करणे ठरलेच होते. रंगरावांनी ही वार्ता ऐकिली आणि त्यांस रात्री झोप येईना. आपले दुकानामागील गाळा मोकळा आहे, वर दोन खोल्या आहेत, लेक डोळ्यांसमोर राहील, हे मनात. परंतु मनातील गोष्ट बोलावी तर घरजावई ठेवितो म्हणोन गाव हसेल, व्याही दुखावतील. म्हणोन त्यांनी पोरीची माया पोटात ठेविली आणि महागाईचा विषय पुढे केला. पूल ओलांडून सदरेवर बैसले आणि म्हणाले की, भावनेचा प्रश्न नाही पावणं, प्रश्न व्यवहाराचा आहे; ज्या सुभ्यात राहणे स्वस्त, तिथे पोरांनी राहावे.

आण्णाप्पाही कच्चे नव्हते. ते मिशीवरून हात फिरवून बोलिले, "बरोबर आहे पावणं. म्हणजे इथंच राहतील. दर रविवारी आमच्यात तेल भरायला येता, ते काय आमचा ओढा बघायला?"

येथे रंगराव पेचात सापडले. इतकी वर्षे चावडीवर पलीकडील सुभ्याची जी स्तुती केली, ती आता शत्रूचे तोफेत दारू होऊन भरली गेली. तरी मोहरा फिरविला नाही. तेलावर का संसार चालतो, म्हणाले. भाजी आहे, दूध आहे, घरपट्टी आहे, विजेचे बिल आहे, मैद्याचे पोते आहे. मग उभयतांत करार झाला की, एक दिवस आण्णाप्पांनी अलीकडील बाजार पाहावा, एक दिवस रंगरावांनी पलीकडील पाहावा, आणि जे दिसेल ते लेकरांपुढे खरेखरे सांगावे. दोघांनी देवाची शपथ घेतली, ती मोठ्या विश्वासाने घेतली.

प्रथम आण्णाप्पा अलीकडील सुभ्यात दाखल जाहले. बाजारात शिरले आणि वांग्याचा भाव विचारिला, तो भाजीवालीने तोंड उघडण्यापूर्वी रंगरावांनी पिशवी भरून पैसे दिले. व्याही आपले गावी आला आणि त्याने खिशात हात घातला, ऐसे मोरबाळ्यांचे कुळात घडले नव्हते. मैद्याचे दुकानी हेच, दुधाचे डेअरीत हेच. आण्णाप्पांनी नमुन्यादाखल एक किलो साखर मागितली तो दुकानदाराने रंगरावांकडे पाहिले, रंगरावांनी डोळा मिचकाविला, आणि साखर निघाली बक्षिसाचे भावाने. न्हाव्याकडे दाढीचा दर पाहावयास बैसले, तर दाढी, चंपी, तोंडास मलम, आणि उठतेवेळी न्हावी म्हणाला की पावण्यांकडून घ्यायचे नाही असे सांगून ठेवले आहे. आण्णाप्पा सांजेस परतले ते गाडीभर जिन्नस घेऊन, आणि एकही भाव न कळता.

मग रंगराव पलीकडील सुभ्यात उतरले. तेथे आण्णाप्पा दबा धरूनच होते. रंगरावांचे पाकीट बाहेर निघे तो आण्णाप्पांचा हात त्यावर पडे. पेठेत दोन वृद्ध गृहस्थ एकमेकांचे मनगट धरून झुंजत आहेत ऐसे पाहून लोक जमा जाहले, आणि एकाने तर पोलिसांस बोलवू काय म्हणोन विचारिले. शेवटी रंगरावांनीही नारळ, तूर, विहीणबाईंनी निवडलेले धोतरजोडे आणि भट्टीस लागणारे पत्रे यांसुद्धा, पाकीट न उघडताच, पूल ओलांडिला. त्या दिवशी तेलाचे पैसेही आण्णाप्पांनीच दिले. हे रंगरावांस फार लागले, कारण तेल ही त्यांची स्वतःची मिळकत होती.

पुढील आदितवारी चौगुल्यांचे सोप्यात दरबार भरला. केतकी आणि संकेत समोर, विहीणबाई दाराशी, मध्ये चहा. शपथ घेतली होती म्हणोन उभयतांस खरे सांगणे प्राप्त झाले. आण्णाप्पा खाकरून म्हणाले की, अलीकडील सुभ्यात आमचा एक पैसा खर्चला नाही. आणि आमचे स्वतःचे सुभ्यात एका दिवसात आम्ही ऐसे नागवलो की सांगता सोय नाही. रंगराव म्हणाले, आमचा अनुभव नेमका उलटा. ज्याने त्याने दुसऱ्याचा सुभा फुकट ठरविला आणि आपला लुटारू. विहीणबाई पदर तोंडास लावून आत निघून गेल्या, त्या हसावयास गेल्या हे सर्वांस कळले.

संकेत यांनी मान खाली घातली, कारण वडील आणि सासरे यांजमध्ये बोलेल तो जावई मूर्ख. परंतु केतकी बोलली. तिने सांगितले की, भाडे, वीज, मैदा, पुढेमागे लागेल ती शाळेची फी, सगळे दोघांनी कधीच पाहून ठेविले आहे. इकडे दोन रुपये वाचतात, तिकडे दोन जातात, फरक म्हणावा ऐसा नाही. मग बापाकडे वळली.

"आबा, शकूआत्या तुमची सख्खी बहीण. आपल्या घरापासून तीन गल्ल्यांवर राहते. तिच्याकडं शेवटचं कधी गेला होता?"

रंगराव आठवू लागले. दिवाळी म्हणाले, मग ती मागील नव्हे त्याचे मागील दिवाळी ठरली.

"आणि माझ्याकडं? एक रविवार चुकला का कधी?"

रंगराव नेहमीचे ठामपणे म्हणाले की, तेल इकडे स्वस्त आहे म्हणोन येणे होते, त्यात विशेष काय.

"तेच म्हणते मी. तुमच्या गाळ्यात येऊन राहिले, तर आत्याची गत ती माझी. दुकानाच्या पुढच्या दारानं जाल, मागं भट्टी आहे हे दसऱ्याला आठवेल. मी इकडंच राहणार. तेल स्वस्त आहे तोवर बाप हक्काचा आहे."

रंगरावांनी चहाची बशी उचलली, ती रिकामी होती, तरी तोंडास लाविली. आण्णाप्पा जिंकिले होते, पण जिंकिल्याचे तोंड त्यांस करवेना. त्यांनी हलके हाताने पेढ्यांचा पुडा व्याह्याकडे सारिला, जो व्याह्यानेच आणिला होता. भट्टी पलीकडील सुभ्यात, पुलापासून हाकेचे अंतरावर, घातली गेली, आणि पत्रे रंगरावांनी परत पाठविले तेच लागले.

मग पराभवनाम संवत्सर लागले, आणि पलीकडील सुभ्याचा खजिना कोरडा पडिला, आणि त्यांनीही तेलावर कर चढविला. अलीकडील सुभ्यात निवडणूक जवळ आली म्हणोन तेथे उतरविला. एका पंधरवड्यात तराजू असा फिरला की, पलीकडले लोक कॅन घेऊन अलीकडे येऊ लागले आणि पुलावर त्यांची रांग लागली. त्या आदितवारी रंगराव पांढरी चारचाकी घेऊन त्या रांगेसमोरून, उलटे दिशेने, एकटे निघाले. पलीकडील पंपावर शुकशुकाट होता. पंपवाला ओळखीचा, त्याने विचारिले, मामा, वाट चुकला काय, तिकडे आता स्वस्त झाले. रंगरावांनी टाकीचे झाकण काढून दिले आणि यत्किंचित न डगमगता म्हणाले, "स्वस्ताचं काय घेऊन बसलास? तुमच्या तेलाला गाडी पळते. फुल्ल कर."

येणेप्रमाणे दोन सुभ्यांचे महागाईचा तपास समाप्त जाहला. निष्कर्ष इतकाच की, राहणे कोठे स्वस्त ते ठरले नाही, दोन्हीकडील पेढेवाले सुखी आहेत, आणि रंगराव मोरबाळे लिटरामागे चार रुपये जादा मोजून आपण नफ्यात आहो ऐसे चावडीवर ठामपणे सांगतात, ते खरे आहे.