पाहुण्याने बसायचं कुठे

होणाऱ्या व्याह्याने बॅग उघडली आणि एन्सली क्वाशीच्या तोंडचं पाणी पळालं. आत एकावर एक नीट घड्या घातलेले, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे, लष्करी छापाचे पूर्ण बाह्यांचे शर्ट होते. खाली त्याच कापडाच्या पँटी. बाकी सगळे स्वेटर.

"हे घालून तुम्ही बाहेर पडणार होतात?" एन्सलीने विचारलं.

"शिकारीचे कपडे आहेत, पण हलके आहेत," हाल्वर्सन म्हणाले. "पूर्ण बाह्यांचं हलकं कापड आणा, असं तुम्हीच कळवलं होतं ना."

कळवलं होतं, ते खरं. पण टोबॅगोत लष्करी छापाचे कपडे सैनिकाखेरीज कुणी घालायचे नाहीत, तसा कायदाच आहे, हे कळवायचं राहिलं होतं. आणि राहिलं कुणाकडून, तर एन्सलीकडून. गेली तीस वर्षं विमानतळावरच्या माहितीच्या खिडकीत बसून, उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला हा माणूस पहिल्या दमात हेच सांगत आला होता. उन्हात किती वेळ बसावं, कुठल्या किनाऱ्याला ओढ आहे, वाळूतल्या चिलटांना काय लावावं, दुकानात शिरल्यावर आधी 'गुड मॉर्निंग' म्हणावं आणि मग भाव विचारावा, सगळं त्याला तोंडपाठ. आणि घरच्या पाहुण्याच्या वेळी नेमकी माशी शिंकली. पोलीस चौकीच्या बाकावर व्याही बसलेत आणि लेक आपल्याकडे बघतेय, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

प्रश्न साधा नव्हता. त्याची लेक केझिया कॅनडात नर्स होती आणि तिथल्याच एरिक नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं. एरिकचे वडील हाल्वर्सन गव्हाचे शेतकरी. बायको गेल्यापासून तीन वर्षं घराबाहेर पडले नव्हते. केझियाने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "डॅडी, लग्न कुठे करायचं ते एरिकने त्यांच्यावर सोडलंय. त्यांना ईस्टरला घेऊन येतेय. एरिक रविवारी येईल. त्यांना इथे आवडलं तर लग्न आपल्या चर्चमध्ये, नाहीतर तिकडे." आणि शेवटी म्हणाली, "आणि एक सांगते. ते कुणी सांगितलेलं अगदी जसंच्या तसं करतात. तेव्हा जरा जपून सांग."

तिकडे लग्न म्हणजे एन्सलीला तिकडे जावं लागणार. म्हणजे विमानात बसावं लागणार. आणि एन्सली जन्मात कधी विमानात बसला नव्हता. हे फक्त त्याची बायको मेरलिन जाणून होती. त्रिनिदादला जायचं झालं तर तो बोटीने जाई आणि 'समुद्राची हवा बरी' असं लोकांना सांगे. तीस वर्षं विमानतळावर नोकरी, पण धावपट्टीकडे त्याने पाठच केलेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. मुलीच्या लग्नाला बाप विमानाला घाबरून गेला नाही, अशी बोंब त्यांच्या गावात, अँकर बेमध्ये, झाली असती तर त्याला गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

म्हणून त्या गुड फ्रायडेच्या सकाळी त्याने हाल्वर्सनांचे शर्ट बॅगेत परत कोंबले, बॅग पलंगाखाली ढकलली आणि घरभर कपडे शोधत सुटला. त्याचे बरे कपडे इस्त्रीला टाकलेले होते. दाराशी एका गोणपाटाच्या पिशवीत जुना निळा शर्ट आणि करडी पँट होती, तीच त्याने ओढून काढली. हाल्वर्सन उंचापुरे, पँट त्यांना नडगीपर्यंतच आली. "उत्तम," ते म्हणाले. माणूस तक्रार करणाऱ्यातला नव्हता.

मग बसायचा प्रश्न आला. बारा ते तीन चर्चमध्ये प्रार्थना, घरातली सगळी तिकडे जाणार. प्रवासाने शिणलेल्या हाल्वर्सनांना किनाऱ्यावर नुसतं बसून राहायचं होतं.

"नारळाखाली बसू नका," एन्सलीने बजावलं. "डोक्यात पडला तर खेळ खलास. आणि पलीकडे ते हिरव्या फळांचं झाड दिसतंय ना, त्याच्या तर सावलीलाही जाऊ नका. विषारी आहे, चीक लागला तरी फोड येतात."

"मग वाळूत बसतो."

"वाळूत चिलटं आहेत. घोटे आणि मनगटं फोडून काढतात."

"मग पाण्यात."

गुड फ्रायडेला समुद्रात उतरणाऱ्याचा मासा होतो, हे अँकर बेमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक. एन्सलीचा अर्थातच असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तो फक्त त्या दिवशी पाण्यात उतरत नसे. पण परदेशी व्याह्याला हे सांगायचं कसं? "आज ओढ फार आहे," तो म्हणाला. समोर समुद्र ताटातल्या पेजेसारखा निवांत पडला होता. हाल्वर्सनांनी त्याच्याकडे पाहिलं, मग एन्सलीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

असं एकेक वजा करत गेल्यावर किनाऱ्यावर बसण्याजोगी एकच जागा उरली. रस्त्याच्या कडेला, चर्चकडून उतरणाऱ्या वाटेवर, जंगली बदामाच्या गर्द सावलीत. तिथे एन्सलीने स्वतः खुर्ची नेऊन ठेवली. उन्हाचं मलम भरपूर लावा, रुमाल गळ्याशी घट्ट बांधा, टोपी खाली ओढा, पाणी पीत राहा, आणि कुणीही आलं तरी आधी अभिवादन करा, अशी शेवटची उजळणी झाली आणि तो चर्चला गेला. निघताना मेरलिन म्हणाली, "तू त्यांना सुट्टीवर बोलावलंयस की लढाईवर?" त्याने प्रार्थनेचं पुस्तक उचललं. पण दाराबाहेर पडल्यावर त्याला जरा मोकळं वाटलं.

चर्चमध्ये मात्र त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पाणी संपलं असेल का? सावली सरकली असेल का? पुढच्या बाकावर मिस आयव्होरीन बसल्या होत्या. गायनवृंदाच्या प्रमुख, वय सत्तरीच्या पुढे, काळी छत्री मांडीवर आडवी. पाद्रीबाबा येशूला पकडून देणाऱ्या यहूदाच्या विश्वासघाताबद्दल बोलू लागले तशी मिस आयव्होरीनची छत्रीवरची पकड घट्ट झाली.

आणि एन्सलीला एकदम बोबोली आठवला.

गुड फ्रायडेला गावात बोबोली करतात. जुन्या कपड्यांत केळीची वाळकी पानं आणि चिंध्या कोंबून यहूदाचं बुजगावणं बनवायचं, त्याला टोपी घालायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्या गद्दाराला बडवायचं. चर्च सुटलं की पहिला फटका मिस आयव्होरीनचा, हा मान ठरलेला. बोबोली बसवायची जागाही ठरलेली, रस्त्याच्या कडेचा बदाम. आणि बोबोलीचे कपडे दरवर्षी क्वाशींच्या घरून जात.

"मेरलिन," तो कुजबुजला, "दाराशी पिशवी होती, ती कसली?"

"बोबोलीची. तुझा निळा शर्ट घातलाय त्यात. पोरं अजून न्यायला आली नाहीत." मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का?"

त्याने सांगितलं. मेरलिनने डोळे मिटून घेतले. ती प्रार्थना करत होती की हसू दाबत होती, ते कळायला मार्ग नव्हता. मधूनच उठून जावं, तर गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतून उठून गेलेला माणूस गावात आजवर एकच झाला होता, आणि त्याचं नाव अजून निघत होतं. एन्सली घामाने निथळत शेवटच्या स्तोत्रापर्यंत बसून राहिला.

प्रार्थना संपली. मिस आयव्होरीन वयाला न शोभणाऱ्या वेगाने दाराबाहेर गेल्या, त्यांच्यामागे गायनवृंद. एन्सली धावला. पण दारात गावातले म्हातारेकोतारे उभे, आणि इथे भेटल्या माणसाला 'गुड आफ्टरनून' म्हटल्याशिवाय पुढे जायची पद्धत नाही. एकाला म्हटलं की दुसरा विचारायचा, घरचे बरे आहेत ना. दुसऱ्याला सांगावं तोवर तिसरी हात धरायची, लेक आली म्हणे. तीस वर्षं ज्या शिष्टाचाराचे गोडवे गायले, त्यानेच त्याला उंबऱ्यावर जखडून ठेवलं. शेवटी कुणाची तरी काठी ओलांडून तो उताराला लागला तेव्हा बदामाभोवती घोळका जमलेला होता.

घोळक्याचाही काही दोष नव्हता. खुर्चीत जे बसलं होतं त्याच्या अंगात एन्सलीचा ओळखीचा निळा शर्ट होता. तोंडावर पांढऱ्या मलमाचा थर, काळा चष्मा, नाकापर्यंत टोपी. पँट नडगीपर्यंत, खाली जाड लोकरी मोजे. मनगटांना चिलटं चावू नयेत म्हणून पाहुण्यांनी हातांतही मोजे चढवले होते. पोरांनी यंदा बोबोली झकास केलाय, असं कुणीतरी म्हणत होतं. हाल्वर्सन गाढ झोपले होते.

"थांबा," एन्सली ओरडला, पण तोवर छत्री उठली होती.

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा दंडावर, आणि त्यात छत्रीची काडी मोडली. तिसऱ्यासाठी मिस आयव्होरीनने हात वर नेला, तेवढ्यात बोबोली हलला. त्याने मान वर केली, समोरच्या बाईंकडे पाहिलं, आणि सांगितलेलं जसंच्या तसं करणाऱ्या त्या माणसाला एन्सलीचा शेवटचा सल्ला आठवला. त्याने टोपी काढली.

"गुड आफ्टरनून," तो म्हणाला.

अँकर बेचा गायनवृंद इतक्या वरच्या सुरात आजवर कधी लागला नव्हता. दोघी-तिघी चर्चकडे पळाल्या. एकीने गुडघे टेकले. मिस आयव्होरीन मात्र जागच्या हलल्या नाहीत. मोडकी छत्री हळूच खाली घेत त्या म्हणाल्या, "गुड आफ्टरनून." संस्कार ते संस्कार.

पुढचा सगळा वेळ एन्सलीने माफी मागण्यात घालवला. हाल्वर्सन खांदा चोळत "काही हरकत नाही" म्हणत होते. पण ते प्रत्येकच गोष्टीला काही हरकत नाही म्हणत, त्यामुळे त्यावरून काही ताडता येईना. केझिया बापाशी अवाक्षर बोलली नाही. झालं, आता तिकडेच लग्न, आता विमान, असं म्हणत एन्सली न्हाणीघराच्या पायरीवर जाऊन बसला.

संध्याकाळी मात्र लोक यायला लागले. मारायला सरसावलेलेही, नुसतं पाहणारेही. कुणी तळलेला मासा आणला, कुणी सुरण आणि उकडलेली कच्ची केळी, कुणी वर क्रूस काढलेले ईस्टरचे गोड पाव. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. मिस आयव्होरीन जायफळाचं मलम घेऊन आल्या आणि पाहुण्यांच्या खांद्याला त्यांनी ते स्वतः चोळलं. "इतकी वर्षं बोबोलीला मारतेय मी," त्या सगळ्यांना ऐकवत होत्या, "एकाने कधी उलट अभिवादन केलं नव्हतं. माणूस चांगल्या घरचा आहे." हाल्वर्सन त्यांच्या छत्रीची काडी तारेने बांधून देत होते. ते चक्क हसत होते. केझियाने लांबूनच बापाकडे पाहून डोळे मिचकावले आणि एन्सलीचा जीव भांड्यात पडला. जिंकलो, तो मनाशी म्हणाला. मार बसून का होईना, माणसाला आवडलं.

मग हाल्वर्सन उठून उभे राहिले.

"लग्नाचं सांगायचं होतं," ते म्हणाले. "खरं तर घरूनच ठरवून निघालो होतो. लग्न इथेच करायचं. कारण माझ्याकडे बोलवायला माणूसच उरलं नव्हतं. एवढं मोठं घर, तीन वर्षांत दाराची बेल वाजलेली नाही. चार टाळकी बसवून कुठे लग्न करायचं?"

एन्सली बघतच राहिला. म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं. त्याने काही म्हणजे काहीच केलं नसतं तरी चाललं असतं.

"पण आता माझ्याकडे माणसं आहेत," हाल्वर्सन म्हणाले. "तेव्हा लग्न माझ्या घरी. डिसेंबरात, शेतात काम नसतं तेव्हा. तुम्ही सगळ्यांनी यायचं. एकदा तरी ते घर असं भरलेलं बघू दे मला."

मिस आयव्होरीनने लगेच जाहीर केलं की त्या येणार आणि कोट शिवायला टाकणार. मेरलिनने डोळे टिपले. व्हरांडाभर टाळ्या पडल्या आणि मग सगळे मुलीच्या बापाकडे पाहू लागले. नाही म्हणायला एन्सलीची जीभ रेटेना. हो म्हणायलाही रेटेना. तो नुसता मान हलवत राहिला.

गर्दी पांगल्यावर हाल्वर्सन त्याच्या शेजारी येऊन बसले. कठड्याशी उभ्या केझियाने पाठ फिरवली होती, पण तिचे कान इकडेच होते.

"मिस्टर क्वाशी, कुणाला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "मीही काल पहिल्यांदाच विमानात बसलो. पार गळाठलो होतो. केझिया सगळा वेळ माझा हात धरून बसली होती. म्हणाली, लाजू नका, माझे डॅडीही असेच आहेत."

एन्सलीने लेकीकडे पाहिलं. केव्हापासून ठाऊक होतं पोरीला, आणि कधी एका शब्दाने बोलली नाही. तो उठला आणि कठड्यापाशी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"केझिया," तो म्हणाला, "तिकिटं काढशील तेव्हा माझी जागा मधली घे. एका बाजूला तुझी मम्मी, एका बाजूला तू."