गुंडोपंतांचं पोट आणि डोहातली वाम

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका बाळांनो, तिथे माझेही नातेवाईक राहतात) गुंडोपंत नावाचे एक अस्वल राहत.

त्यांचं पोट संपावर गेलं होतं. खाल्लेलं खाली उतरायचंच नाही. सकाळी दोन बोरं खाल्ली, तर ती संध्याकाळपर्यंत पाहुण्यासारखी ठाण मांडून बसायची. मग मळमळायचं, उलट्या व्हायच्या. एके काळी गुंडोपंत निघाले की पायवाट भरून जायची. आता अंगावरचं कातडं लोंबायला लागलं. त्यांची बायको सोनाक्का पाठ फिरवून रडायची.

आता त्या जंगलाची एक रीत होती. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही. आणि नेलेलं त्याला समोर बसून खायला घालायचं. तो नको म्हणाला तर आणखी वाढायचं, कारण नको म्हणणं हा तिथे होकाराचाच एक प्रकार समजत. हसू नका. तुमच्या आत्याकडे वेगळं काय होतं?

या कामात माकडीण काशीकाकू सगळ्यांत पुढे. रोज फणसाचे गरे घेऊन हजर. गुंडोपंतांनी हात जोडले की म्हणायच्या, "एवढ्याने काही होत नाही. माझ्यासाठी एक."

काकूंसाठी खाल्लेला तो गरा भोगायचे मात्र गुंडोपंत.

शेवटी सोनाक्काने डॉक्टर साळिंदरबाईंना बोलावलं. बाई बोलायला तुसड्या, पण हुशार. त्यांनी पोटाला कान लावला, इथे दाबलं, तिथे दाबलं. म्हणाल्या, पोट फुटलेलं नाही, तुंबलेलं नाही. त्याला हलवणाऱ्या नसा सुस्तावल्या आहेत. घास पुढे ढकलायचा असतो, हे पोटाला कुणी सांगतच नाहीये. सांगायला वीज लागेल. अगदी थोडी.

वीज होती डोहात. तिथे एक वाम राहायची, सापासारखी लांब मासळी, आणि तिच्या अंगात जन्मतःच वीज. बाईंनी तिला पाण्याच्या मडक्यात घातलं, मडकं गुंडोपंतांच्या मांडीवर ठेवलं आणि तिची शेपटी त्यांच्या पोटाला लावली. बारीक बारीक झटके बसू लागले. बाईंनी आधीच बजावलं होतं की ही जादू नाही. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. आला तरी थोडं थोडं खायचं, पातळ खायचं.

गुण आला. हळूहळू मळमळ कमी झाली. एके दिवशी वाटीभर पेज पोटात गेली आणि चक्क पुढेही गेली. गुंडोपंतांनी ढेकर दिला. तो ऐकून सोनाक्काला रडू कोसळलं. ढेकर ऐकून रडणारं कुणी तुम्ही पाहिलं नसेल, पण मी सांगतो, ते खरं रडणं होतं.

बातमी जंगलभर झाली. आता या आनंदात जंगलाने काय करावं? पंगत घातली.

गुंडोपंतांना मधोमध बसवलं. मधाची पोळी काय, कंद काय, गरे तर ढिगाने. पोट सुरू झालंय ना, मग होऊ दे, असं जो तो म्हणू लागला. गुंडोपंत पडले भिडस्त. खात गेले. पंगत उठायच्या आत पोट पुन्हा ठप्प झालं आणि त्यांना उचलून घरी न्यावं लागलं. सगळ्यांचं एकमत झालं की वामेचा झटका कमी पडतोय, मोठी वाम आणा.

साळिंदरबाई एवढंच म्हणाल्या, "अशी आणखी एक पंगत झाली तर मला बोलावू नका. खांदेकरी बोलवा."

पुन्हा वाम, पुन्हा पेज, पुन्हा पहिल्यापासून सगळं. गुंडोपंत कसेबसे सावरतात न सावरतात, तोच काशीकाकूंच्या नातीचं बारसं आलं. जावं तर जीव जातो, न जावं तर जन्माचं वैर. सोनाक्का नको नको म्हणत असताना गुंडोपंत गेले. मांडीवर मडकं घेऊन पंगतीत बसले.

काकू गऱ्यांची टोपली घेऊन आल्या. गुंडोपंतांनी पानावर आडवा हात धरला. काकूंनी रीतीप्रमाणे तो बाजूला केला.

"काकू, खरंच नको," गुंडोपंत म्हणाले. "मला अजून जगायचंय."

काकू हसल्या आणि दोन गरे जास्त उचलले. तेव्हा गुंडोपंतांनी वामेची शेपटी आपल्या पोटावरून काढली आणि काकूंच्या मनगटाला लावली.

काकूंचा हात हवेतच थांबला. त्यांनी गऱ्यांकडे पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच गुंडोपंतांच्या उतरलेल्या तोंडाकडे नीट पाहिलं. गरे टोपलीत परत गेले.

"बरं," काकू म्हणाल्या, "राहू दे."

हे शब्द त्या जंगलात याआधी कुणी ऐकलेच नव्हते. सगळी पंगत घास तोंडात धरून बघत राहिली. साळिंदरबाईंनी तिथल्या तिथे उपचार बदलून दिला: रोग्याला रोज बारीक झटका, वाढणाऱ्याला गरजेप्रमाणे. गुंडोपंतांच्या अंगावर पुन्हा मांस धरू लागलं, आणि पायवाट पुन्हा भरून जाऊ लागली.

तात्पर्य: आजार रोग्याच्या पोटात असला, तरी निम्मा झटका त्याच्यावर माया करणाऱ्यांना द्यावा.

कळलं? शहाणी गं माझी बाळं ती. आता हा लाडू घ्या बघू. नको कसं? एवढ्याने काही होत नाही. माझ्यासाठी एक.